फक्त नाव बदललं होतं

लहान मुलांसाठी गोष्टी लिहिणारा माणूस नेमकं काय करतो, हे सोलापुरात कुणाला नीट सांगता आलेलं नाही. मलाही नाही. पस्तीस वर्षं मी हा उद्योग केला. नोकरी मोजणी खात्यात होती. दिवसा शेतकऱ्यांचे बांध मोजायचे आणि संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुऊन महाराष्ट्रातल्या मुलांना सन्मार्गाला लावायचं, असा माझा दिनक्रम होता. लग्नकार्यात ओळख करून देताना नातेवाईक "हे लिहितात" एवढंच म्हणायचे. समोरच्यानं "काय लिहितात?" असं विचारलंच तर "लहान मुलांचं" हे जरा आवाज उतरवून सांगायचे. मग समोरचा माझ्याकडं मोठ्या मायेनं बघायचा आणि म्हणायचा, होईल, मोठ्यांसाठीही होईल हळूहळू.

माझी लिहायची पद्धत पक्की होती. पहिल्या पानावर मूल काहीतरी आगळीक करतं. दुसऱ्या पानावर ते लपवतं. तिसऱ्या पानावर त्याला झोप येत नाही. चौथ्या पानावर ते कबूल होतं, मोठी माणसं त्याच्या पाठीवरून हात फिरवतात आणि सगळ्यांचे डोळे पाणावतात. चार पानांत मूल सुधारून मोकळं. पुण्याच्या ज्या मासिकात माझ्या गोष्टी यायच्या, त्याचे संपादक पोस्टकार्डावर सूचना कळवायचे. "पश्चात्ताप थोडा वाढवावा," असं एक कार्ड अजून माझ्याकडं आहे. मी वाढवायचो. पश्चात्तापाला जागा कमी पडली तर आगळीक कापायचो.

एकदा मोडनिंबला मोजणीला गेलो होतो. ज्याचं शेत होतं त्याच्या घरी ते मासिक येत असे. साखळी गुंडाळताना तो मला म्हणाला, "सायेब, तुमच्या गोष्टीतली पोरं लई शानी हायती. चुकली की लगीच कबूल हुत्यात. आमच्यात असलं एकबी न्हाय." मी खूश होऊन घरी आलो आणि बायकोला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता सांगितलं की ते कौतुक नव्हतं. बायकांना साहित्यातलं कळत नाही असं तेव्हा माझं मत होतं. पुढं ते बदलावं लागलं.

पुढं पुढं मला लेखन शिबिरांतून बोलावणी येऊ लागली. समोर बहुधा निवृत्त शिक्षक बसलेले असत आणि त्यांच्याकडं सुधारण्याजोग्या मुलांचा मोठा साठा असे. मी त्यांना सांगायचो की घरात बसून कल्पना लढवू नका, खरी मुलं बघा. कान उघडे ठेवा, खिशात वही ठेवा, मूल काय बोललं ते लगेच टिपून घ्या. आणि फक्त नाव बदला. "नाव बदला" याखाली सगळे रेघ मारत. मला वाटायचं, आपण कलेचं मर्म सांगतोय.

मी स्वतः कुठली मुलं बघत होतो? गावोगाव हिंडायचो खरा, पण तिथं बांधावरून भांडणारी मोठी माणसंच भेटायची. दुधनीला एका शाळेत गोष्ट सांगायला गेलो तर मुलं आपसात कानडीत बोलत राहिली आणि माझ्या सगळ्यात करुण जागेला खदखदून हसली. तेव्हा रोज हाताशी असणारं, बोललेलं सगळं कळणारं मूल एकच होतं. माझी मुलगी.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढं पेरूचं झाड, दार निळं. शेजारी टॉवेलचे माग, त्यामुळं बोलायचं ते जरा मोठ्यानंच बोलायची आम्हाला सवय. त्या घरात माझी मुलगी जे जे करी, ते पुढच्या दोन महिन्यांत छापून येई. तिनं दुधावरची साय खाल्ली आणि नाव मांजराचं सांगितलं. गोष्ट झाली. प्रगतिपुस्तक पिठाच्या डब्यात लपवलं. गोष्ट झाली, शिवाय पिठाचे हात उमटलेलं चित्रही छान आलं. वर्गात तिनं सांगितलं की माझे वडील मिलिटरीत आहेत. त्या गोष्टीतले वडील मी मोजणी खात्यातच ठेवले, कारण वास्तवाशी प्रामाणिक राहायचं असं मी ठरवलं होतं. मावशीच्या घरी झोपली असताना तिनं अंथरूण ओलं केलं, तीही गोष्ट झाली. यात तिची आगळीक काय होती, ते आज मला सांगता येणार नाही. तेव्हा मात्र मी चौथ्या पानावर तिला सुधारून दाखवलं.

गोष्ट पोस्टात टाकण्याआधी रविवारी सकाळी ती मुलीला वाचून दाखवायची, हा घरातला रिवाज होता. लहान मुलांसाठी लिहिणाऱ्यानं लहान मुलाकडून गोष्ट तपासून घेतली पाहिजे, असं मी शिबिरांतही सांगत असे. आई तिच्या डोक्याला तेल लावून वेणी घालत असायची, म्हणजे तिला उठून जाता यायचं नाही. मी वाचायचो. दुसऱ्याच नावाची कुणी मुलगी साय खायची, खोटं बोलायची, रडायची. वाचून झाल्यावर मी विचारायचो, मग यातून काय शिकलीस? ती बरोबर सांगायची. नंतर नंतर तर मी शेवटाला पोचण्याआधीच ती सांगून टाकायची. मला तिच्या बुद्धीचं कौतुक वाटायचं आणि माझ्या शैलीचं त्याहून जास्त.

ती आठ वर्षांची असताना जानेवारीत आम्ही नेहमीसारखे गड्ड्याच्या यात्रेला गेलो. पाळण्यात बसलो, ऊस खाल्ला, बायकोनं बांगड्या भरल्या. दोन दिवसांनी मी ऑफिसातून येऊन मोरीत पाय धूत होतो, तर मुलगी येऊन दाराशी उभी राहिली. कुणाला सांगायचं नाही, असं तिनं आधी माझ्याकडून वदवून घेतलं. मग मूठ उघडली. मुठीत केसांची निळी क्लिप होती, फुलपाखराच्या आकाराची. आई बांगड्या भरत असताना तिनं ती दुकानावरून उचलली होती. दोन रात्री तिनं ती उशीच्या अभ्र्यात ठेवली होती. ती रडत होती आणि नाक माझ्या टॉवेलाला पुसत होती.

"आपण परत देऊन येऊ या, बाबा. तुम्ही चला माझ्याबरोबर."

हे तिचंच म्हणणं होतं. मी तिला काही शिकवायच्या आधीच. आणि मी म्हणालो, उद्या बघू.

कारण पाय पुसता पुसता माझ्या डोक्यात चारही पानं तयार झाली होती. अशी गोष्ट लेखकाला वर्षातून एखादीच मिळते. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तो थेट लिहायला बसलो. ती दोनदा येऊन उभी राहिली, मी हातानंच थांब म्हणालो. तिसऱ्या दिवशी पक्की प्रत केली. चौथ्या दिवशी मुक्काम टाकून मोजणी होती. मी परत आलो तोवर दुकानं उठली होती आणि तो क्लिपवाला पुढच्या कुठल्या गावाला गेला होता. गोष्टीतला बाप मात्र त्याच संध्याकाळी लेकीचं बोट धरून गर्दीतून निघतो. दुकानदाराचे डोळे भरून येतात, तो क्लिप तिलाच बक्षीस देतो आणि आजूबाजूची माणसं टाळ्या वाजवतात. संपादकांचं कार्ड आलं, "पश्चात्ताप उत्तम."

त्या गोष्टीला पुरस्कार मिळाला. शाल, श्रीफळ, आणि मुलांच्या मनात शिरणारा लेखक असं अध्यक्षांनी केलेलं वर्णन. उत्तराच्या भाषणात मी म्हणालो की मी जे घडतं तेच लिहितो. मुलगी पहिल्या रांगेत आईच्या मांडीला चिकटून बसली होती. मला वाटलं, झोप आली असेल.

पुढच्या वर्षा-दोन वर्षांत मुलगी फारच सुधारली. खोटं नाही, लपवाछपवी नाही, रडणं नाही. काय केलंस म्हटलं तर "काही नाही". आज शाळेत काय झालं म्हटलं तर "काही नाही". दहाव्या वर्षानंतर तिनं मला एकही गोष्ट पुरवली नाही. माझ्या लेखनाचा निदान एका मुलावर तरी परिणाम झाला, असं मी चार लोकांत सांगू लागलो. बायको एक दिवस म्हणाली की पोरगी सुधारली नाही, ती तुम्हाला सांगत नाही. हेही मी साहित्यातलं न कळण्यात जमा केलं आणि शेजाऱ्यांच्या मुलांकडं वळलो. माझा हात खिशातल्या वहीकडं गेला की शेजारीण तेलुगूत हाक मारून पोरांना आत घ्यायची. मला वाटायचं, जेवायची वेळ झाली असेल.

असो. हे सगळं तीस वर्षांपूर्वीचं. मी निवृत्त झालो. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, नोकरी करते. तिला नऊ वर्षांची मुलगी आहे. दर मे महिन्यात दोघी महिनाभर सोलापूरला येतात, आणि खरं सांगायचं तर वर्षाचे बाकीचे अकरा महिने आम्ही नवराबायको या एका महिन्यासाठीच काढतो. सोलापूरचा मे महिना माणसानं मुद्दाम येऊन सोसावा असा नसतो, तरी त्या येतात.

या वर्षी एका तरुण प्रकाशकाला माझ्या जुन्या गोष्टी सापडल्या. तो पत्र लिहीत नाही, बोललेलं रेकॉर्ड करून पाठवतो. सर, आपण दहा गोष्टींचं रंगीत पुस्तक करू, प्रत्येक गोष्टीचा बोध शेवटी चौकटीत टाकू, असं त्यानं पाठवलं. नऊ जुन्या त्यानंच निवडल्या, पहिली अर्थात क्लिपची. दहावी मात्र नवी हवी, आजच्या मुलांची, पालकांना आपली वाटेल अशी. जूनच्या मध्याला सगळं छपाईला जायचं होतं. आता आजचं मूल मी कुठून आणणार? ते मेमध्ये रेल्वेनं येणार होतं. मी नवी वही घेतली आणि गळीत हंगामाच्या आधी साखर कारखाना उसाची वाट बघतो तशी नातीची वाट बघू लागलो.

नात आली. पहिल्या दिवशी मी विचारलं, काय म्हणते शाळा? तिनं आईकडं बघितलं आणि म्हणाली, "छान." दुसऱ्या दिवशी तिनं आंबा गोड आहे असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी कूलरमध्ये पाणी संपलंय हे सांगितलं. माझी वही कोरीच. चौथ्या दिवशी मी तिला सरळ विचारलं की तू मला काहीच का सांगत नाहीस. ती आंब्याची कोय चोखत बसली होती.

"आई म्हणालीये, आजोबांना काही सांगायचं नाही. ते छापतात."

त्या घरातलं कुत्रं चावतं, हे पाहुण्याला सांगावं तितक्या साध्या आवाजात तिनं हे सांगितलं. त्यात राग नव्हता. कोय चोखून झाल्यावर ती हात धुवायला गेली.

मी फणकाऱ्यानं मुलीकडं गेलो. तर ती माझ्या टेबलापाशी उभी. प्रकाशकानं पाठवलेली पुस्तकाची कच्ची छापील पानं तिथं होती आणि ती क्लिपची गोष्ट वाचत होती. चित्रात पेरूचं झाड होतं, निळं दार होतं, दोन वेण्यांची मुलगी होती. तिनं शेवटापर्यंत वाचलं. मग पानं सारखी करून ठेवली आणि मला म्हणाली, बसा.

मासिकाचा तो अंक त्या वेळी तिच्या शाळेतही आला होता. बाईंनी तो कौतुकानं वर्गात वाचून दाखवला होता, आपल्या वर्गातल्या मुलीच्या वडिलांची गोष्ट म्हणून. पेरूचं झाड आलं, तेव्हा दोन मुलींनी मागं वळून बघितलं. निळं दार आलं, तेव्हा आणखी चौघींनी. मोजणी खात्यातले वडील आले, तेव्हा अख्खा वर्ग तिच्याकडं बघत होता. त्यानंतर वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की आधी तिचं दप्तर उघडलं जायचं. दहावीपर्यंत मुली तिला "क्लिप" म्हणायच्या. हे सगळं तिनं पाढे म्हटल्यासारखं सांगितलं, बहुतेक मनात पुष्कळदा म्हणून झालं असावं.

मी म्हणालो, "पण मी नाव बदललं होतं."

"नाव तेवढं बदललंत, बाबा. बाकी सगळं माझंच ठेवलंत." तिनं वरच्या पानावर बोट ठेवलं. "आणि तो बाप तिला घेऊन जातो. तुम्ही उद्या बघू म्हणालात."

मग तिनं दोन गोष्टी सांगितल्या. ही गोष्ट पुस्तकातून काढायची. आणि तिच्या मुलीतलं काहीही, नाव बदलून किंवा न बदलता, कुठं छापून आलं तर यापुढं सुट्टीत त्या सोलापूरला येणार नाहीत. आम्हाला भेटायचं झालं तर आम्हीच पुण्याला जायचं. ती हे रागानं म्हणाली असती तर मी वाद घातला असता. ती गाडीची वेळ सांगावी तसं म्हणाली.

त्यावर मी काय बोललो? मी म्हणालो, अगं, चित्रं काढून झालीत. आयुष्यात पुष्कळ मूर्ख वाक्यं मी लिहिली आहेत, पण त्यातली बहुतेक लोक विसरले. हे वाक्य मला अजून ऐकू येतं. मुलगी आत गेली.

दुसरा आठवडा लागला आणि नातीचं काहीतरी बिनसलं. ती आंबा खाईना. संध्याकाळी शेजारच्या मुली हाका मारायच्या, ही आतल्या खोलीतून हलायची नाही. एकदा आजीला हळूच विचारलं की आपण लवकर पुण्याला नाही का जाऊ शकत. आईनं जवळ घेऊन विचारलं, आजीनं डोक्याला तेल लावता लावता विचारलं, उत्तर एकच, "काही नाही". ते ऐकून बायकोनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी ओळखली. हे "काही नाही" आमच्या घरात कुणी आणलं हे तिला माहीत होतं.

आता इथं खोटं लिहून उपयोग नाही. नातीच्या डोळ्यांखाली काळं आलेलं दिसलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर दहावी गोष्ट. झोप न येणारं मूल, म्हणजे तिसरं पान. हात आपोआप खिसा चाचपत होता. त्याच दुपारी प्रकाशकाचा आवाज आला, सर, दहावीचं काय झालं, थोडं इमोशनल असेल तर बघा. मी बघतच होतो.

दुसरा विचार उशिरा आला, पण आला. या पोरीभोवती घरात तीन मोठी माणसं. आईला सांगितलं तर आई रागावेल, आजीला सांगितलं तर आजी आईला सांगेल आणि मला सांगितलं तर महाराष्ट्राला कळेल. तिला सांगायला जागाच नव्हती. आठ वर्षांच्या दुसऱ्या एका मुलीला एके काळी ती जागा होती. मोरीच्या दाराशी. ती मीच मोडली होती. खिसा चाचपणारा हात मी बाहेर काढला आणि पहिल्यांदाच सुचलेलं लिहून घेतलं नाही.

मी लगेच प्रकाशकाला फोन केला, असं सांगायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात दोन दिवस लागले. क्लिपच्या गोष्टीवर मी फुली मारली. मग वाटलं, झाड आणि दार बदलून भागेल, म्हणून झाड लिंबाचं केलं आणि दाराला हिरवा रंग दिला. वाचून बघितलं. गोष्टीतला बाप तरीही लेकीचं बोट धरून गर्दीतून चाललाच होता. मी पुन्हा फुली मारली. फोन केला तेव्हा प्रकाशक म्हणाला, सर, तीच तर बेस्ट आहे. मी म्हणालो की ती माझी नाही. आणि दहावी मिळणार नाही हेही सांगून टाकलं. पुस्तक पातळ होईल, असं तो म्हणाला. मी म्हटलं, होऊ दे.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो, सगळ्यांना कामं वाटलेली असतात. मागच्या अंगणात पिंप भरायचं काम माझं आणि नातीचं होतं. पाईप तिनं धरायचा, मी पिंपावर नजर ठेवायची. मोटारीचा आवाज, पलीकडं मागांचा खडखडाट, आत बायको आणि मुलगी भांडी भरताहेत. नातीनं पाईपकडं बघतच विचारलं,

"आजोबा, तुम्ही सगळंच छापता का?"

"आता नाही."

"नाव बदलूनसुद्धा नाही?"

"नाव बदलूनसुद्धा नाही."

"आईला?"

"तू म्हणालीस तरच."

पिंप भरून वाहायला लागलं. मी मोटार बंद केली नाही, कारण तो आवाज होता म्हणूनच ती बोलत होती. तिनं पाईप दुसऱ्या पिंपात टाकला आणि मला सांगितलं. माझा डावा कान कमी ऐकतो, त्यामुळं एक वाक्य तिला दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ती रडली. मी तिला काय शिकलीस असं विचारलं नाही. आता काय करू या, एवढं विचारलं. ते तिला माहीत होतं. फक्त एकटीनं जायला भीती वाटत होती.

"उद्या जाऊ या?" ती म्हणाली.

मी म्हणालो, आत्ता.

मोटार बंद केली, पायात चपला घातल्या आणि पाणी आलेल्या दिवशी दुसरं पिंप अर्धं टाकून आम्ही दोघं घराबाहेर पडलो. बायको मागून काय म्हणाली, ते माझ्या दोन्ही कानांना स्पष्ट ऐकू आलं. आम्ही कुठं गेलो, कुणाकडं गेलो आणि तिथं काय झालं, ते मी लिहिणार नाही. तासाभरात परत आलो आणि टाळ्या वाजवायला तिथं कुणी नव्हतं, एवढं लिहायची मला परवानगी आहे. हा मजकूर मी नातीला वाचून दाखवला, तेव्हा याच्या पुढचं एक वाक्य तिनं काढायला लावलं. चांगलं वाक्य होतं.

लेखक म्हणून सांगतो, तिनं मला सांगितलं ते मी आजवर ऐकलेल्यांत सगळ्यात उत्तम होतं. त्यात मला कधी सुचली नसती अशी एक जागा होती आणि चौकटीत टाकण्यासारखा बोध कुठंच नव्हता. कधी कधी दुपारी ते मनातल्या मनात लिहायला मी सुरुवात करतो. मग उठून पाणी पितो.

त्या दिवशी जेवताना नातीनं आमरसाची वाटी दोनदा मागून घेतली आणि संध्याकाळी हाक यायच्या आधीच खेळायला गेली. मुलगी हे सगळं बघत होती. ती पुण्याला न्यायला म्हणून शेजारून आणलेले टॉवेल घडी घालून बॅगेत भरत होती, मी समोर पलंगावर बसलो होतो. तिनं विचारलं, काय झालं होतं हिला?

मी म्हणालो की सांगता येणार नाही.

ती हसली, मी थट्टा करतोय असं समजून. मग म्हणाली, मी आई आहे तिची. मी म्हणालो, काळजी करण्यासारखं काही नव्हतं, असतं तर तुझ्यापासून लपवलं नसतं. जे करायचं होतं ते तिनं केलं आणि आता संपलंय. पण कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलंय. तू विचारलंस तरी नाही.

मुलीनं एक घडी मोडून ती पुन्हा घातली. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली,

"माझ्या वेळी पण एवढंच करायचं होतं की, बाबा."

मी तिची माफी मागितली. ती पुढचा टॉवेल घेऊन त्याची घडी घालत राहिली.